रॉड धुऊ नका

पू. दिवाळीच्या अंकात पहिलाच शब्द हा आला म्हणून नाक मुरडू नका. माझी सगळी नोकरी या एका शब्दावर झाली. कोणी शाळेत जातं, कोणी कचेरीत, कोणी बँकेत; मी सकाळी डबा घेऊन पुवाच्या खोलीत जायचे. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल लिहा, फक्त फराळ करताना वाचता येईल असं लिहा." मी हो म्हटलं खरं, पण ज्यांच्या तोंडात चकली असेल त्यांनी ती आधी संपवावी आणि मग वाचायला घ्यावं.

वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात कल्चरची लॅब होती. तिथं मी टेक्निशियन. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे आमच्या खोलीला पुवाची खोलीच म्हणत. मला सुरुवातीला राग यायचा. नंतर मीच फोन उचलून "बोला, पुवाच्या खोलीतून नगराळे बोलतेय" म्हणायला लागले आणि चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

काम काय, ते सांगते. तुमच्या जखमेतला पू, लघवी, खाकरा, रक्त, जे काही असेल ते आमच्याकडे येतं. मेंढीचं रक्त घातलेली लाल जेली एका बशीत गोठवलेली असते, तिच्यावर आम्ही तो नमुना ओढतो आणि बशी उबदार कपाटात ठेवतो. दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके उगवतात. मग त्यांना दुसऱ्या बशीत सगळीकडे पसरवायचं आणि वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या, कपाळाला लावतो तेवढ्याच. ज्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो ते औषध चालतं. जिथं जंतू टिकलीला चिकटून मजेत वाढतात, ते औषध त्यांनी पचवलेलं असतं. मी लागले तेव्हा बशीभर गोल दिसायचे. निवृत्त झाले तेव्हा एखादा गोल दिसला तरी आम्ही एकमेकींना बोलावून दाखवायचो.

गिऱ्हाईकं एकेक भारी. आर्वीकडचे एक आजोबा खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्नीत खाकरा घेऊन आले, पन्नीला वरून रबर लावलेलं. एका गुरुजींनी लघवी गाळून आणली, चहाच्या गाळणीतून. मी गाळणीचं पुढं काय झालं ते विचारलं नाही. सेलूची एक बाई जखम डेटॉलनं धुऊन, पावडर लावून, वरून नवी पट्टी बांधून आली आणि म्हणाली, "तुमाले घाण नको वाटाले म्हणून." आता हिला काय बोलणार? आपल्याकडे कोणाकडे जायचं तर माणूस आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जातो. शेजारणीचा डबा परत करताना घासून-पुसून देतो. तीच सभ्यता आमच्या कामाच्या मुळावर यायची. जे जिवंत हवं ते धुऊन मारूनच लोक माझ्यासमोर ठेवायचे आणि वर माझं मन राखल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर असायचं.

या सगळ्यावर आमच्या वैद्य मॅडम. मूळच्या सातारच्या, आमच्या विभागाच्या प्रमुख. बोलणं हळू, आवाज कधी चढला नाही. माझा चढायचा तेवढा दोघींना पुरायचा. मला येत होतं ते हाताचं काम. त्या हातामागं डोकं कसं चालवायचं ते त्यांनी शिकवलं. बाई, तुमचे उपकार मी या जन्मात तरी फेडू शकत नाही, हे इथं छापून येऊ द्या म्हणजे झालं.

आता देविदासचं सांगते. खरं तर त्याचंच सांगायला बसले आहे.

देविदास उईके देवळीजवळच्या एका गावचा. वीज कंपनीत कंत्राटी लाइनमन. घरात तो आणि त्याची आई सोनाबाई. पुलगावहून मोटारसायकलनं घरी येताना त्याला रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, रस्त्यावर आलं की हलत नाही. नडगीचं हाड मोडलं. कुठल्याशा खाजगी दवाखान्यात हाडाच्या आत स्टीलचा रॉड टाकला, टाके भरले, पोरगा चालायला लागला. मग एक दिवस नडगीवर बोराच्या बीएवढं भोक पडलं आणि त्यातून पू यायला लागला. औषध घेतलं की भोक सुकायचं, औषध संपलं की पुन्हा वाहायचं. असं दोनेक वर्षं चाललं होतं.

दर वेळी तो आमच्या खिडकीशी उभा.

"मॅडम, आलो जी मी."

"दिसतंय. पुन्हा?"

"पुन्हा वाहून राह्यलं."

दर वेळी रिपोर्ट वेगळा. एकदा हा जंतू, पुढच्या वेळी तो, कधी काहीच नाही. बशीत गोल दिसायचा, त्या गोलाचं औषध त्याला दिलं जायचं आणि तरी भोक वाहायचंच. मला आपल्या कामाची लाज वाटायला लागली. तो मात्र हसतमुख. एकदा म्हणाला, "आमच्या लाइनमंदी फॉल्ट सापडत नाई तं आमी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपासून एकेक खांब पाहत जातो. तुमी कुठलून पाहून राह्यल्या?" मी म्हटलं, "तू तुझे खांब बघ, मी माझ्या बशा बघते." त्याचं हसू उतरलं. "खांबच तं नाई राह्यला आता मॅडम. ठेकेदार म्हणते, खांबावर चढत नाई त्याले लाइनमन कसं म्हणाव. सध्या फोन उचलाले बसवलं हाय. किती दिवस बसवते का मालूम."

मी वैद्य मॅडमना विचारलं, रिपोर्ट खरे आहेत, तर माणूस बरा का होत नाही? एप्रिल लागला होता, खिडकीतला कूलर नुकताच सुरू केला होता. मॅडम म्हणाल्या, "नगराळेबाई, कूलरच्या टाकीत हात घाला." घातला. आतून सगळं बुळबुळीत. "कालच पाणी बदललंय ना? मग हे कसं राहिलं?" मी म्हटलं, हाताने घासल्याशिवाय ते निघत नाही, घरीही तसंच असतं. त्या म्हणाल्या, "हेच त्याच्या पायात आहे."

मग त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. जंतू पाण्यात सुटे तरंगतात तेव्हा औषधाला बळी पडतात. पण त्यांना बसायला जागा मिळाली, एखादा रॉड, नळी, कृत्रिम सांधा, तर ते तिथं चिकटतात आणि अंगातूनच चिकट पदार्थ सोडून स्वतःभोवती घर बांधतात. त्या बुळबुळीत घरात औषध नीट पोचत नाही. आतले जंतू खाणंपिणं, वाढणं कमी करून नुसते पडून राहतात, आणि आपली बरीचशी औषधं वाढणाऱ्या जंतूलाच मारतात. वरचे चार मरतात, भोक सुकतं, आपण खूश. औषध थांबलं की आतले पुन्हा बाहेर. आणि दर खेपेला थोडं थोडं औषध चाखून ते त्या औषधाला सरावतात, ते वेगळंच. माझ्या बशीत ते सुटे असतात म्हणून मरताना दिसतात. भोकाच्या तोंडाशी तर कातडीवरचे वाटेवरचे जंतू असतात, खरा गुन्हेगार आत स्टीलवर बसलेला.

म्हणजे माझे रिपोर्ट खोटे नव्हते आणि उपयोगाचेही नव्हते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हाडांचे डॉक्टर काळे सर तापट, पण ऐकून घेणारे. मॅडम त्यांच्याकडे गेल्या, मीही मागं उभी. सरांनी देविदासला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "हाड पोखरत वर चाललंय. रॉड काढतो, सडलेलं हाड खरवडतो. आतला नेमका जंतू सापडला तर त्याचं औषध देऊन पाय वाचवायला बघू. नाही सापडला तर अंदाजानं औषधं किती दिवस देणार? मग गुडघ्याखाली कापावा लागेल. उशीर केला तर गुडघ्याच्या वर." सोनाबाई शेजारी उभी होती. तिनं देविदासच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सायेब, तुमी सापडवसान नं?" सर माझ्याकडे आणि मॅडमकडे बघायला लागले. माझी तर पाचावर धारण बसली.

तयारी आम्ही चोख केली. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे सगळी औषधं बंद, म्हणजे जंतू अर्धमेले नसतील. हाडाचे तुकडे वेगवेगळ्या जागचे, कोरड्या निर्जंतुक डब्यांत. आणि रॉडसाठी मी स्वतः लांब स्टीलचा डबा दाबाच्या वाफेत शिजवून थिएटरमध्ये नेऊन दिला. "यात रॉड, जसाच्या तसा," असं दहादा सांगितलं.

दुपारी डबा परत आला. रिकामा.

झालं असं की ऑपरेशन चालू असतानाच ट्रॅव्हल्सच्या अपघातातले जखमी आले. थिएटरमध्ये एकच धावपळ. ज्या सिस्टरला मी सांगितलं होतं तिला तिकडे नेलं, तिच्या जागी दुसरी आली आणि तिनं हाताला सवय होती तसं केलं. हाडाचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले. फॉर्मॅलिन म्हणजे मांसाचे तुकडे टिकवायचं पाणी. त्यात जंतूच काय, जंतूचा बापही जगत नाही. आणि रॉड? रॉड स्वच्छ धुऊन, कापडात गुंडाळून नातेवाइकांच्या हातात दिला.

यात तिनं जगावेगळं काही केलं नव्हतं. आमच्याकडे रीतच आहे. अंगातून काढलेला रॉड, पट्टी, स्क्रू घरचे मागून नेतात. खरंच काढला याचा पुरावा म्हणून, लोखंड महागाचं म्हणून, किंवा आपल्या माणसाच्या अंगातली वस्तू दवाखान्याच्या कचऱ्यात कशी टाकायची म्हणून. कोणी कपाटात ठेवतं, एकानं गोठ्यात खुंटी ठोकली होती. आणि द्यायचाच तर माणसाच्या हातात रक्तानं माखलेला कसा द्यायचा? म्हणून थिएटरमध्ये तो धुऊनच दिला जाई. सेलूच्या बाईची पट्टी आणि हा रॉड, सभ्यता एकच.

हे आत्ता शहाणपणानं लिहितेय. तेव्हा मी थिएटरच्या दारात उभी राहून असा तोंडाचा पट्टा सोडला की ती बिचारी सिस्टर रडायला लागली. "रडू नका, रॉड कुठाय सांगा!" रॉड सोनाबाईनं नेला होता. पोरगा गुंगीत होता, भाचा शेजारी बसला होता, म्हणून ती घरचं बघून यायला देवळीच्या एसटीत बसली होती. भाच्याकडून तिच्या घराशेजारच्या किराणा दुकानाचा नंबर घेतला. दुकानदारानं तिला हाक मारून आणलं.

"मावशी, रॉड धुऊ नका! ऐकू येतं का? रॉड धुऊ नका!"

"धुतला नं बाई."

"धुतला?"

"हो मंग. राखीनं घासला. उन्हात ठेवला हाय वाळाले."

मी कपाळावर हात मारला. "काऊन धुतला मावशी? आधीच धुतलेला होता नं?" माझं शुद्ध मराठी असं रागात देवळीला जाऊन पोचतं.

"पोट्याच्या आंगातली वस्तू हाय. घाण कशी ठेवू?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ती ऐकत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा हळूच म्हणाली, "पन बाई, आतून नाई निंगाली. नळी हाय नं थे. आतमंदी काडी घालून पाह्यली, पिवळं चिकट राह्यलंच. राग नोका येऊ देऊ, मी आता पानी गरम करून राह्यली, वतते आतमंदी."

अगं बाई! रॉड आतून पोकळ असतो हे काय मला माहीत नव्हतं? हाडात घालताना तो एका तारेवरून सरकवतात म्हणून नळीसारखाच असतो. पण संतापात डोकं कुठं चालतं? मी एवढ्या जोरात ओरडले की आमच्या खोलीतली पोरं उभी राहिली. "मावशी, गॅस बंद करा! आत काईबी वतू नका. पाणी नाई, तेल नाई, काडी नाई. आहे तसा धुतलेल्या फडक्यात बांधा आणि पहिल्या गाडीनं या."

"पोट्याचा पाय वाचन का त्यानं?"

"तुम्ही या आधी."

ऊन उतरायच्या आत ती आली. पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेला रॉड छातीशी धरून, तान्हं लेकरू आणावं तसा. बसमध्ये बसायला जागा मिळूनही उभी राहिली होती, बसलं तर धक्का लागेल म्हणून.

मी आनंदानं मॅडमकडे नेला. मॅडमनी त्या आनंदावर पाणी ओतलं. "नगराळेबाई, ही धुतलेली, घासलेली, बसनं आलेली वस्तू. बाहेरून गावभरचे जंतू लागले असतील. यातून जे उगवेल त्यावर विश्वास ठेवायचा की नाही? चुकीच्या जंतूचं औषध दिलं तर पाय जाईल, आणि तो आपल्या सहीनं जाईल." त्या थोडा वेळ रॉड उजेडात धरून नळीतून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पण दुसरं काही हातात नाही. करू या. आणि काळे सरांना सांगते, की दुसरा पुरावा मिळेपर्यंत कापायचं नाव काढू नका."

बाहेरून रॉड स्पिरिटनं पुसून वरचं स्पिरिट पेटवून घेतलं. मग लांब निर्जंतुक तार आतल्या मधल्या भागापर्यंत घालून तो पिवळा चिकट थर खरवडला. मोठ्या संस्थांमध्ये आवाजाच्या लहरींनी असा थर सुटा करायचं यंत्र असतं. आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे काचेची नळी गरगर हलवणारं साधं यंत्र, तो थर नळीतल्या निर्जंतुक पाण्यात घालून त्यावर ताक घुसळावं तसं घुसळलं, म्हणजे घर मोडून जंतू सुटे होतील. बशांवर ओढलं, कपाटात ठेवलं. सोनाबाई बाहेर बाकावर बसून होती. "दिसला का?" मी म्हटलं, मावशी, उद्या.

दुसऱ्या दिवशी बशी कोरी. तिसऱ्या दिवशीही कोरी. एरवी एवढ्यावर आम्ही बशी फेकून "काही उगवलं नाही" लिहून मोकळे होतो. मी उचललीही होती. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. पडून राहायची सवय लागलेले जंतू आहेत, त्यांना उठायला वेळ लागतो." मी रोज कपाटाचं दार उघडायचे आणि रोज सोनाबाई माझ्या तोंडाकडे बघायची. मी तिच्याकडे न बघता चहा आणून द्यायचे. दुसरं काय देणार होते?

मग एका सकाळी मॅडमनी मला हाक मारली. त्या कधी हाक मारत नाहीत, माणूस पाठवतात. बशीवर खसखशीहून बारीक ठिपके. भिंगाशिवाय दिसणार नाहीत असे. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो त्याच घराण्यातला जंतू, पण उपाशी राहून राहून खुरटलेला. भोकाच्या तोंडाशी तो एकदाही सापडला नव्हता.

तरीही मॅडम सही करेनात. दुसरा पुरावा हवा. काळे सरांना जखम एकदा पुन्हा उघडून धुवायचीच होती, त्यांनी तेव्हा हाडाचे नवे तुकडे घेतले. ते तुकडे कोणी आणले? ज्या सिस्टरला मी रडवलं होतं तिनंच, जिना चढून धापा टाकत. माझ्यासमोर डब्या ठेवून म्हणाली, "मॅडम, यात काहीच टाकलं नाही हो. फॉर्मॅलिन नाही, पाणी नाही. मी कोणाच्या हातात पण दिल्या नाहीत." मी तिला बाकावर बसवून पाणी दिलं. पुढं माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नात मांडव सांभाळणाऱ्यांत ती होती, इतकी आमची गट्टी जमली.

त्या तुकड्यांतही काही दिवसांनी तेच ठिपके आले. हुबेहूब. आता मॅडमनी सही केली.

औषधं दोन ठरली. दोन्ही बरोबर घ्यायची. त्यातलं एक आपल्याकडे टीबीसाठी देतात तेच. ते अशा घरातल्या जंतूंपर्यंत पोचतं, पण एकटं दिलं तर जंतू त्याला फार लवकर सरावतात. म्हणून एकही गोळी चुकवायची नाही, एक घेऊन दुसरी विसरायची नाही आणि गावात कोणाला ताप आला म्हणून त्यातली काढून द्यायची नाही. मॅडमनी हे सोनाबाईला तीनदा सांगितलं, मी चौथ्यांदा, आवाज चढवून. त्या गोळीनं लघवी केशरी होते. गावात कुणीतरी पाहिलं आणि देविदासला टीबी झाला अशी हूल उठली. सोनाबाईनं चौकात उभं राहून सांगितलं म्हणे, "टीबी नाई. हाडातले किडे मारून राह्यलो आमी. ज्याले शंका हाय त्यानं माह्या घरी येजो, मी रॉड दाखवते." रॉड आमच्याकडे होता, ही गोष्ट वेगळी.

सरांनी हाडात आधी औषध कालवलेल्या सिमेंटची कांडी बसवली आणि पुढं सगळं शांत झाल्यावर नवा रॉड. सांगायला दोन ओळी लागल्या, त्याला कितीतरी महिने लागले. देविदास मधे खचला, एकदा औषध सोडायला निघाला. आईनं त्याच्या हाताला धरून गोळ्या घशात घातल्या असतील, मला खात्री आहे.

त्यानंतर आमच्या दवाखान्यात पद्धत बदलली. रॉड घरी न्यायची रीत आम्ही मोडली नाही, मोडायचं कारणही नव्हतं. फक्त तो आधी, न धुता, पुवाच्या खोलीत यायचा. आमचं काम झालं की आम्ही तो वाफेत शिजवून, चकचकीत करून घरच्यांना द्यायचो. मी दोन्ही हातांनी द्यायचे. लोक डोक्याला लावून न्यायचे.

मनाला लागून राहिलेलं एकच आहे. त्याआधी कितीतरी धुतलेले रॉड घरोघरी गेले आणि कितीतरी जणांना आम्ही "काही उगवलं नाही" असं कळवलं. त्यांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. आमच्या खिडकीशी माणूस आजारी असेपर्यंतच येतो. बरा झालेलाही येत नाही आणि ज्याचा पाय गेला तोही येत नाही. मग तुम्हाला कळायचं कसं, की तुमच्या हातून भलं झालं की वाईट?

मला कळलं, कारण सोनाबाईनं मला जेवायला बोलावलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. माझ्या घरून, पिपरी मेघेहून, बस बदलून देवळीला गेले, तिथून देविदासनं मोटारसायकलवर घरी नेलं. मी मागं बसून सारखी त्याच्या गिअरवरच्या त्याच पायाकडे बघत होते. भरीत, भाकरी, वर तेल-तिखटाचा ठेचा. जेवण अर्ध्यावर असताना पंखा बंद पडला आणि त्याचा फोन वाजला. तो हात धुऊन उठला.

"कुठं निघालास?"

"समोरच्याच खांबावर जंपरची तार तुटली जी. डीपीवरून लाइन बंद करतो, पाच मिनिटात येतो. तुमी जेवा."

आम्ही दोघी कसल्या जेवतोय! त्याच्या मागोमाग दारात आलो. त्यानं डीपीवरून सप्लाय बंद केला, खांबाखाली उभा राहून कमरेला पट्टा बांधला आणि चपला काढल्या. मी ओरडलेच, "अरे, बूट कुठायत तुझे?"

"हाय नं मॅडम, घरीच हाय. पन बुटात खांब समजत नाई पायाले." आणि चढायला लागला.

मी वर बघत होते. जुनं भोक होतं तिथं आता पांढरट व्रण होता, कोरडा. दर खेपेला त्या पायावर सगळा भार यायचा आणि मी दाराची चौकट घट्ट धरायचे. त्यानं वर पोचून तारेला हात घातला, खाली कोणाला तरी ओरडून पक्कड मागितली, दोरीनं वर ओढून घेतली. सोनाबाई मात्र वर बघतच नव्हती.

"मावशी, बघा की पोराकडे."

"नाई बाई. मी नाई पाहत. मले भेव लागते." ती खांबापाशी गेली. घाईत त्यानं चपला कशाही टाकल्या होत्या, एक उलटी पडली होती. तिनं वाकून ती सरळ केली, दुसरीच्या शेजारी ठेवली, पदरानं दोन्हीवरची धूळ पुसली आणि तिथंच उन्हात बसून राहिली.

मी त्या चपलांकडे बघितलं. दोन होत्या. मला रडू आवरलं नाही.